रांगेत कुणाला लागलं तर? पहिली दहा मिनिटं तुमचीच असतात



गेल्या काही व्हिडिओंमध्ये आपण सुट्टीच्या आणि सणासुदीच्या सीझनच्या धंद्याबद्दल बोलतोय. मेळ्यातला स्टॉल, मुलांचा गेम झोन, जम्पिंग, मिकी माऊस, टोराटोरा, छोटा आकाशपाळणा. भांडवल किती लागतं, जागेचं भाडं कसं ठरवायचं, तिकीट किती ठेवायचं हे सगळं झालं. रांग कशी लावायची हेही झालं, कारण रांग दिसली की अजून गिऱ्हाईक येतं.

आज त्याच रांगेबद्दल बोलायचंय, पण एक वेगळा प्रश्न घेऊन. तुमच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला काही झालं तर तुम्ही काय करणार?

राइडवर नाही, रांगेत. पाळण्याच्या नटबोल्टकडे आपण लक्ष देतो, निदान द्यायला हवं हे आपल्याला माहीत असतं. रांगेकडे कुणी तसं बघत नाही. पण तुमच्याकडे आलेला माणूस पाळण्यात पाच मिनिटं बसतो आणि रांगेत अर्धा तास उभा राहतो. उन्हात, दमट हवेत, रिकाम्या पोटी, कडेवर मूल घेऊन. चक्कर येते ती रांगेत. पोरं लोखंडी बॅरिकेडवर चढतात आणि पडतात ती रांगेत. धक्काबुक्की, बोटं चेमटणं, वायरीत पाय अडकणं, छातीत दुखायला लागणं, हे सगळं तिथेच.

"सर, आमचा धंदा केवढासा!"

हे वाक्य मला नेहमी ऐकायला मिळतं. म्हणूनच आजचा विषय छोट्यांसाठी जास्त महत्त्वाचा आहे.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये. मुंबई उपनगरातल्या कितीतरी शाळांच्या सहली या दोन ठिकाणी गेल्या. अशा मोठ्या पार्कची रचना करतानाच प्रथमोपचाराची खोली, वॉकीटॉकीवाले कर्मचारी, सुरक्षारक्षक, गाडी आत यायचा रस्ता याचा विचार केलेला असतो. आता आपल्या भांडुपचं मैदान डोळ्यासमोर आणा. सुट्टीत मैदानावर जत्रोत्सव भरतो. एका बाजूला कोंबडी-वडे आणि सोलकढी, दुसऱ्या बाजूला पाळणे, मध्ये भाड्याच्या खुर्च्या आणि स्टेज. तुमच्याकडे माणसं तीन, एक तिकिटावर, एक मशीनवर, एक गेटवर. प्रथमोपचाराची खोली नाही, वॉकीटॉकी नाही. मैदानाचं एकच गेट, आणि गेटबाहेर दुचाकी लावलेल्या.

म्हणजे मोठ्या पार्कमध्ये जे काम यंत्रणा करते ते तुमच्याकडे तीन माणसांनाच करायचंय. घाबरू नका, ते जमतं. फक्त अट एक आहे, आधी ठरवलेलं असायला हवं. अपघात झाल्यावर माणूस विचार करत नाही, जे ठरलेलं असतं तेवढंच करतो. काहीच ठरलेलं नसेल तर तिघंही एकाच ठिकाणी धावतात आणि बाकीचे मोबाईल काढतात.

तीन माणसं, तीन कामं

समजा, रविवारची संध्याकाळ आहे. तुमच्या जम्पिंगसमोर पन्नास-साठ जणांची रांग आहे. मधेच एक आजी खाली कोसळतात. नातू रडायला लागतो, मागचे पुढे सरकतात, पुढचे मागे वळतात. अशा वेळी तीन कामं एकाच क्षणी सुरू व्हायला हवीत.

पहिला माणूस: जखमीपाशी. तो जागचा हलत नाही. त्याने खाली बसायचं, बोलायचं, बघायचं.

दुसरा माणूस: फोनवर. रुग्णवाहिका बोलावणं आणि तिला मैदानाच्या आतपर्यंत आणणं, दोन्ही त्याचंच काम.

तिसरा माणूस: रांगेवर. तो जखमीकडे बघतसुद्धा नाही. त्याची पाठ जखमीकडे आणि तोंड गर्दीकडे.

सकाळी शटर उघडताना किंवा मंडप लावताना हे नावानिशी ठरवा. "कुणीतरी फोन करा रे" असं ओरडलं की कुणीच फोन करत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल. "संतोष, तू एकशेआठला लाव" असं म्हटलं की फोन लागतो. तुमच्याकडे दोघंच असतील तर शेजारच्या स्टॉलवाल्याशी आधी बोलून ठेवा. "दादा, माझ्याकडे काही झालं तर तुम्ही फोन करायचा, तुमच्याकडे झालं तर मी करीन." मेळ्यात गल्ल्यासाठी स्पर्धा असते, या बाबतीत ती असू नये.

आणि हो, मशीन लगेच थांबवायचं. राइडवरची मुलं शांतपणे उतरवायची. मशीन चालू ठेवून एका हाताने जखमीला पाणी देणारा ऑपरेटर दुसऱ्या अपघाताची तयारी करत असतो.

फोनवर काय बोलायचं

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. ती मोफत आहे. पोलिसांसह सगळ्या तातडीच्या मदतीसाठी ११२. आग असेल तर १०१. मुंबई महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा क्रमांक १९१६. हे चार आकडे तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा. मोबाईलमध्ये सेव्ह आहेत म्हणून सोडू नका, कारण त्या क्षणी तो मोबाईल कुणाच्या खिशात असेल सांगता येत नाही.

आता भांडुपची खरी अडचण, पत्ता. "भांडुपला मैदानात" एवढ्यावर गाडी येत नाही. पहिला शब्द पूर्व की पश्चिम. इथे चूक झाली तर रेल्वेच्या दुसऱ्या बाजूला आलेल्या गाडीला वळसा घालून यावं लागतं, आणि संध्याकाळी लालबहादूर शास्त्री मार्गावर काय अवस्था असते ते तुम्हाला माहीत आहे. टेंभीपाडा, कोकण नगर, प्रताप नगर, खिंडीपाडा या भागांत चढ आहेत, वळणं आहेत, आणि काही गल्ल्यांत रिक्षासुद्धा जेमतेम जाते. मोटारसायकल रुग्णवाहिका मुंबईत २०१७ मध्ये आणली गेली ती अशाच गल्ल्यांचा विचार करून. पण तुम्ही तिच्या भरवशावर राहू नका. मोठी गाडी जिथपर्यंत नक्की येते ती जागा आधी शोधून ठेवा, आणि फोनवर तीच सांगा.

एका कागदावर हे वाक्य लिहून खिडकीत चिकटवा:

"भांडुप पश्चिम, अमुक रस्ता, अमुक शाळेसमोरचं मैदान. गेटवर आमचा माणूस लाल टोपी घालून उभा आहे. एक आजी बेशुद्ध पडल्यात, श्वास चालू आहे. माझा नंबर हा."

कुठे, काय झालं, किती जण, शुद्धीत आहेत का, श्वास चालू आहे का, कोणता नंबर. एवढंच. समोरचा "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मग लगेच गेटकडे धावायचं, दुचाक्या बाजूला करायला लावायच्या आणि रस्त्यावर उभं राहायचं. गाडी आली आणि मैदानाभोवती फिरत राहिली, यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

रांग सांभाळणं हीसुद्धा मदतच आहे

तिसऱ्या माणसाचं काम लोकांना बिनमहत्त्वाचं वाटतं. मला विचाराल तर तेच सगळ्यात अवघड आहे. एका माणसाला लागलेलं असतं तेव्हा बाकीचे एकोणसाठ सुरक्षित असतात. ते सुरक्षितच राहायला हवेत.

आपल्या महाराष्ट्राने याची फार मोठी किंमत मोजली आहे. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, सकाळी साडेदहाच्या आसपासची वेळ. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर, म्हणजे आजच्या प्रभादेवीला, जोराचा पाऊस आला. लोक पुलाच्या जिन्यावर थांबून राहिले, मागून गाड्यांमधून उतरणारे येतच राहिले. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. तिथे आग नव्हती, पूल पडला नव्हता. फुलवालीची फुलं पडली, 'फूल गिरा' असा आवाज झाला आणि लोकांनी 'पूल गिरा' असं ऐकलं, असं त्यातून बचावलेल्या एका विद्यार्थिनीने चौकशीत सांगितल्याचं तेव्हा बातम्यांमध्ये आलं होतं.

यात आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला, पाऊस. आपल्या मेळ्यात पावसाची सर आली की सगळी रांग एकाच छपराखाली शिरते. तेव्हा काय करायचं हे पाऊस यायच्या आधी ठरवा. तिकीट विक्री बंद, बाहेर जायचा रस्ता मोकळा, "तिकीट उद्याही चालेल" ही घोषणा. तिकीट फुकट जाणार नाही हे कळलं की माणसं शांतपणे बाजूला होतात. दुसरा धडा, शब्द. "पळा", "पडलं", "करंट आहे" असे शब्द गर्दीत ओरडायचे नाहीत. तुमच्या माणसाने मोठ्या पण संथ आवाजात एकच सांगायचं: "पाळणा थांबवलाय. मागच्यांनी दोन पावलं मागे या. तिकिटाचे पैसे परत मिळतील." आधी मागच्यांना सांगायचं, कारण धक्का मागून येतो. पुढच्या माणसाला मागे सरकायला जागाच नसते.

त्याआधीची एक घटना आपल्यासारख्या स्टॉलवाल्यांनी तर विसरूच नये. २५ जानेवारी २००५, वाईजवळचा मांढरदेव, काळूबाईची यात्रा. अरुंद चढाची वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, दुकानांतले गॅस सिलिंडर फुटले. जवळपास ३०० माणसं गेली. त्या वाटेवरची दुकानं आपल्यासारख्याच छोट्या लोकांची होती. आपण दोन फूट पुढे सरकवलेलं टेबल, वाटेत ठेवलेलं सिलिंडर, सांडलेलं पाणी. रोज काही होत नाही म्हणून ते चालतं. गर्दीच्या दिवशी तोच माणसाचा बाहेर पडायचा रस्ता असतो.

आणि आपल्या भांडुपचीच गोष्ट. २९ डिसेंबर २०२५ च्या रात्री भांडुप पश्चिमेला स्टेशनजवळ मागे येणाऱ्या बेस्ट बसखाली सापडून चार जणांचा जीव गेला. ज्या रस्त्यावर बस, रिक्षा, फेरीवाले आणि स्टेशनकडे धावणारी माणसं एकाच वेळी असतात, तो रस्ता आपल्याला रोजचा आहे. म्हणून एक नियम करा: आपली रांग कधीही वाहनांच्या रस्त्यावर जाऊ द्यायची नाही. मैदानाच्या गेटबाहेर शेपूट निघालं की तिकीट बंद. "अर्ध्या तासाने या" म्हणायला लाज वाटू देऊ नका. टोकन द्या, वेळ लिहून द्या. माणूस तेवढ्या वेळात शेजारच्या स्टॉलवर वडापाव खाईल, शेजारीही खूश.

गर्दी किती झाली की जास्त? एक सोपं माप घ्या. एक मीटर बाय एक मीटर चौकोनात पाचपेक्षा जास्त माणसं दिसायला लागली तर धोका सुरू झाला, असं गर्दीचा अभ्यास करणारे मानतात. जमिनीवर खडूने असा चौकोन आखून आपल्या मुलांना एकदा दाखवा, मग त्यांची नजर बसते. अजून एक खूण: लोकांना हात वर करता येत नाहीत आणि माणसं एकत्र डुलायला लागली, म्हणजे परिस्थिती हाताबाहेर चाललीय. चेंगराचेंगरीत बहुतेक जण तुडवले जाऊन नाही, छाती दाबली जाऊन श्वास न घेता आल्याने मरतात. कित्येक जण उभ्या उभ्या.

म्हणून "भाऊ, मागून फार ढकलतायत" अशी तक्रार आली की ती कटकट समजू नका. दक्षिण कोरियात सोलच्या इटेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ ला एका अरुंद गल्लीत १५९ जणांचा जीव गेला. गर्दीत माणसं चेंगरली जातील असा पोलिसांना पहिला फोन त्याच्या साडेतीन तासांहून आधी आला होता. पहिली तक्रार करणारा माणूस फुकटचा सल्लागार असतो. त्याचं ऐका.

जखमीपाशी काय करायचं, काय नाही

मी डॉक्टर नाही आणि हा लेख प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. पण डॉक्टर येईपर्यंत सामान्य माणसाने काय करावं याबद्दलच्या या गोष्टी सर्वमान्य आहेत.

- चक्कर आली: सपाट झोपवा, पाय थोडे वर उचला, भोवतालची गर्दी हटवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर १०८.
- उन्हाचा त्रास: अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, माणूस गोंधळलेला. हे साधं थकणं नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, लगेच गाडी बोलवा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हामुळे १४ जणांचा जीव गेला. एप्रिल-मे मध्ये दुपारचा शो ठेवणार असाल तर रांगेवर कापड आणि रांगेत पाणी हवंच.
- पडला, मान-पाठ दुखतेय: उचलू नका, बसवू नका. "उठ रे, काही नाही झालं" म्हणत हात धरून ओढणं ही सगळ्यात वाईट मदत.
- रक्त येतंय: स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. दर मिनिटाला काढून बघू नका. हळद, कॉफी पावडर काही नको.
- हाड मोडल्याची शंका: आहे त्या स्थितीत आधार द्या. ओढून बसवायचं नाही, मालिश नाही.
- फिट आली: डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टोकदार सामान दूर. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.
- शॉक लागला: आधी मेन स्विच बंद, मगच हात लावायचा. लोखंडी बॅरिकेडवरून लायटिंगच्या माळा नेऊच नका, आणि बोर्डाला ईएलसीबी बसवून घ्या.
- छातीत दुखतंय, घाम सुटलाय: चालवू नका, बसवा, १०८. "गॅस झाला असेल" हे निदान आपण करायचं नाही.
- हाक मारली तर प्रतिसाद नाही आणि नीट श्वासही नाही: १०८ ला फोन, आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि जलद दाबणं सुरू. मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं.

शेवटची गोष्ट वाचून येत नाही, हाताने करूनच येते. हृदय थांबलेल्या माणसाची जगण्याची शक्यता मदतीशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला घटत जाते, त्यामुळे गाडी दहा मिनिटांत आली तरी ती दहा मिनिटं तुमच्याच हातात असतात. रेड क्रॉस, सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स, काही रुग्णालयं असे वर्ग घेतात. निदान एका माणसाने तरी शिकून या. तो माणूस मालक असेल तर उत्तम.

आणि मूल असेल तर? त्याच्या उंचीला खाली बसा, नाव विचारा, आई-बाबांना शोधायला माईक वापरा. माईकवरून "अपघात झालाय" म्हणू नका. "अमुक रंगाचा शर्ट घातलेल्या मुलाच्या पालकांनी तिकीट खिडकीपाशी यावं" एवढं पुरे.

"पोलीस केस होईल" ही भीती

बऱ्याच जणांचे पाय इथे अडखळतात. दवाखान्यात नेलं तर आपल्यावरच येईल का?

तीन गोष्टी माहीत असू द्या. पहिली, तातडीच्या रुग्णावर आधी उपचार करायचे, कागदपत्रं आणि पोलिसांची प्रक्रिया नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय. सरकारी असो वा खासगी, डॉक्टर "आधी पोलिसांना आणा" म्हणू शकत नाही. दुसरी, रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय. तिसरी, आणि ही मालक म्हणून तुमच्यासाठी आहे: निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "दुखापत झाल्यास मालक जबाबदार नाही" हा बोर्ड लावला की आपण सुटलो असं समजू नका. निष्काळजीपणा झाला असेल तर तो बोर्ड ढाल होत नाही.

म्हणून वागायची पद्धत सरळ ठेवा. जखमीबरोबर आपला एक माणूस दवाखान्यात गेलाच पाहिजे, आणि नातेवाईक येईपर्यंत तिथेच थांबला पाहिजे. कोणत्या दवाखान्यात न्यायचं हे आधी बघून ठेवा. भांडुपहून घाटकोपरचं राजावाडी रुग्णालय एका दिशेला, मुलुंडची रुग्णालयं दुसऱ्या दिशेला. रात्री नऊ वाजता जवळच्या कुठल्या ठिकाणी अपघात विभाग चालू असतो, हाडाचा डॉक्टर असतो का, हे मेळा सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन विचारून या. जाऊन येऊन एक तास लागेल.

त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा: किती वाजता काय झालं, कुणी बघितलं, फोन किती वाजता लावला, गाडी किती वाजता आली. कॅमेरा असेल तर चित्रीकरण जपून ठेवा. पोलिसांनी विचारलं तर जे झालं ते सांगा. नातेवाईक रागावलेले असतील. त्यांच्याशी वाद नको, "तुमच्या मुलानेच मस्ती केली" तर अजिबात नको. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस करा. माणसं अपघात विसरत नाहीत, पण त्या वेळी तुम्ही कसे वागलात तेही विसरत नाहीत. भांडुपसारख्या वस्तीत, जिथे सगळी गिऱ्हाईकं एकमेकांच्या ओळखीची, तिथे हीच तुमची खरी जाहिरात.

आणि परवाने. पोलीस परवानगी, महापालिकेच्या एस विभाग कार्यालयाची परवानगी, अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र, विजेची अधिकृत जोडणी. यांना नुसता कागदी त्रास समजू नका. तपासणीला आलेला माणूस "इथून गाडी कशी येणार?" हा प्रश्न विचारतो, तो तुमच्या फायद्याचाच असतो. सार्वजनिक दायित्व विमा, म्हणजे गिऱ्हाईकाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, छोट्या कार्यक्रमांसाठीही मिळतो. विमा सल्लागाराला याच नावाने विचारा, आणि रांगेतला माणूस त्यात धरलाय का हे सही करायच्या आधी वाचा.

तयारीला किती खर्च?

यादी बघा: प्रथमोपचार पेटी, मोठं स्वच्छ कापड, कात्री, हातमोजे, बर्फाची सोय, पिण्याचं पाणी, एक घडीची खाट किंवा स्ट्रेचर, शिट्टी, लाल टोपी, टॉर्च, हातात धरायचा माईक, अग्निशामक सिलिंडर. यातल्या अर्ध्या गोष्टी तुमच्या घरात असतील. बाकीचा खर्च तुमच्या एका चांगल्या संध्याकाळच्या गल्ल्यापेक्षा जास्त नाही. लायटिंगवर आपण किती उडवतो ते आठवा.

पण पेटी घेतली आणि ती टेम्पोत राहिली तर उपयोग शून्य. पेटी तिकीट खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी.

आजचा गृहपाठ

व्हिडिओ बघून "छान माहिती" म्हणणारे खूप असतात. करणारे कमी. तुम्ही करणाऱ्यांपैकी व्हा. या रविवारच्या आत पाच कामं:

१. तिघांची तीन कामं नावानिशी ठरवा आणि कागदावर लिहा.
२. चार फोन नंबर आणि पत्त्याचं वाक्य खिडकीत चिकटवा.
३. रुग्णवाहिका कुठपर्यंत येते ते स्वतः चालत जाऊन बघा. तेवढा रस्ता रोज मोकळा ठेवायची जबाबदारी एकाला द्या.
४. रात्री उघडा असलेला जवळचा अपघात विभाग पाहून या.
५. दुकान उघडायच्या आधी एकदा तालीम करा. तुमच्यातलाच एक जण आडवा पडेल, घड्याळ लावा. गर्दी मागे सरकवायला, फोन लावायला आणि गेटवर पोचायला किती वेळ लागतो ते मोजा. दुसऱ्यांदा करा, वेळ कमी होईल.

पुढच्या भागात याच सीझनच्या धंद्यातला दुसरा मोठा विषय घेऊ, पावसाने बुडालेल्या दिवसाचा हिशोब कसा मांडायचा. तोपर्यंत तालीम करून ठेवा. भेटू!